गुलाबी पारडं

दि. ९ जानेवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

फोटो पोचले. पाकीट फोडल्याफोडल्या तुमच्या बंधुराजांनी ते माझ्या हातून ओढून घेतले आणि स्वतःच्या कलेकडे पाच मिनिटं डोळे भरून बघत बसले. शाळेत चाळीस मुलांना काटकोन शिकवणारा हा माणूस, पण कॅमेरा हातात आला की एक रेघ सरळ येईल तर शपथ. या खेपेलाही तुमचे भाचेसाहेब पारड्यासकट उताराला लागलेले दिसतात.

पण आजची तक्रार त्यांची नाही, तुमची आहे. दर महिना पुरा झाला की आम्ही साहेबांना घरच्या तराजूत बसवून फोटो काढतो, रोल तुमच्या लॅबमध्ये धुवायला येतो आणि तुम्ही प्रिंट पाठवता. सुरुवातीला पारडं पांढरंशुभ्र यायचं. ते आहेच पांढरं, एनॅमलचं, मी स्वतः पुसते. या खेपेला ते चक्क गुलाबी आलंय. ताई, मी वजनमाप खात्यातली बाई. दुकानदारांचे काटे तपासते, खोटी मापं जप्त करते. पुढच्या महिन्यात रजा संपली की हा फोटो ऑफिसच्या टेबलावर काचेखाली ठेवायचा बेत होता. गुलाबी पारडं बघून एखादा दुकानदार मला म्हणायचा, बाई, आधी घरचं तपासा. तुमची एवढी नावाजलेली लॅब, आणि एक पांढरा रंग सांभाळता येईना?

साहेबांची प्रकृती उत्तम. आठ महिने पुरे झाले आणि काटा आठ किलो सातशे दाखवतो. अजून फक्त माझ्या दुधावर आहेत, हे मी मान ताठ करून सांगते. सहाव्या महिन्यात चमचा पुढे केला तर त्यांनी घास माझ्या चष्म्यावर उडवला. आणखी दोनदा प्रयत्न केला, मग दिला सोडून. खरं सांगू, मनातून मला बरंच वाटलं. शेजारणीचं पोर नाना तऱ्हेचं खातं आणि दिवसभर किरकिरतं. आमचे साहेब बसवावं तिथे बसतात. रडणं नाही, रांगणं नाही, पुढे फाइल ठेवली तर सही करतील असा चेहरा. खोड एकच लागली आहे, बापाच्या खिशातला खडू काढून चाटतात. भूमितीच्या घरात जन्मल्यावर दुसरं काय चाटणार?

आईंना नमस्कार. त्यांचे गुडघे कसे आहेत ते कळवा. पांढऱ्या पारड्याची वाट बघते आहे आणि तुमच्या मायेवर नेहमीसारखा हक्क सांगते.

तुमची
भावजय


दि. १५ जानेवारी

चि. सौ. वहिनीबाईंस,
अ. उ. आ.

तक्रार दाखल करून घेतली आहे. पंधरा वर्षांत गिऱ्हाइकांनी माझ्यावर बरेच आळ घेतले. नवरीचं नाक मोठं आलं, आजोबांचे दात कमी आले, असलं सगळं ऐकलं. पण पारड्याच्या वतीने भांडायला आलेली तूच पहिली.

आईचे गुडघे तसेच, तोंड मात्र ठणठणीत. नातवाचे फोटो उशाशी ठेवते आणि येईल त्याला दाखवते. परवा विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसालाही तिने बसवून सगळे फोटो दाखवले. गाल कसे गुलाबासारखे आहेत म्हणाली, तो बिचारा हो हो म्हणत निघून गेला. तिला प्रवास झेपत नाही. तिचा नातू म्हणजे माझ्या मशीनमधून बाहेर पडतो तेवढाच.

आता त्या गुलाबांबद्दल. चेहरा फिका आला की आम्ही मशीनवर लाल रंग एखादं घर, म्हणजे एखादी पायरी, वाढवतो. आपलं माणूस टवटवीत दिसलेलं कोणाला नको असतं? साहेबांच्या फोटोला मी सहाव्या महिन्यात एक घर वाढवलं, सातव्यात दोन, आणि या खेपेला चार. खापर तुझ्या नवऱ्याच्या कॅमेऱ्यावर फोडलं, कारण खापर फोडायला त्याच्यासारखा सोयीचा माणूस नाही. पण लाल वाढवला की तो सगळ्या फोटोवर वाढतो. तुझं पारडं गुलाबी झालं ते त्यामुळे.

काल पाचव्यापासून आठव्यापर्यंतच्या चारही महिन्यांच्या निगेटिव्ह मी पुन्हा मशीनवर लावल्या. या वेळी चेहऱ्याकडे बघितलंच नाही, पारडं पांढरं येईल एवढंच पाहिलं. ते चार फोटो सोबत आहेत, ओळीने मांडून बघ. पारडं चारही ठिकाणी पांढरं आहे. पारड्याच्या कडेला धरलेला तुझा हात चारही ठिकाणी सारखा आहे. बदलत गेलाय तो एकटा साहेब. पाचव्या महिन्यात चांगला आहे, आणि आठव्यात त्याचे ओठ कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात ते मला भिंग लावून शोधावं लागलं.

मी डॉक्टर नाही. पण रंग बघण्यावर माझं पोट आहे, आणि हा रंग मला आवडलेला नाही. त्याला डॉक्टरांकडे ने आणि रक्त तपासून घे. अंगावरच्या दुधाशिवाय पोटात काही जात नाही हे तिथे सांग. खडूचंही सांग. समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंना मी सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, खडू-माती चाटणाऱ्या पोराचं आधी रक्त बघतात.

हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, ती मला इथून दिसते आहे. पडू दे. आठी घेऊनच डॉक्टरांकडे जा. साहेबाला पापा, बंधुराजांना एक सरळ पट्टी, आणि तुला माझा लोभ, नेहमीपेक्षा जास्त.

तुझी
नणंद


दि. २० जानेवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र आणि चार फोटो पावले.

साहेबांचं वजन काल पुन्हा केलं. आठ किलो आठशे भरलं. ज्या वजनांनी केलं ती खात्याच्या प्रमाण वजनांशी पडताळलेली आहेत. आमच्याकडे एका काट्याचा संशय आला तर दुसरा काटा आणतात, रंगपेटी आणत नाहीत.

माझं दूध पुरत नाही हे तुम्ही घरी बसून फोटोवरून ठरवलंत. आधी आईंनी दोनदा सुचवून झालं होतं, आता तुमची पाळी. औषधाच्या दुकानातल्या बाईंचंही मत घेऊन झालं आहे. मीटर वाचणाऱ्याचं तेवढं राहिलं, तेही कळवा म्हणजे झालं. आठ महिन्यांत या पोराने एक दिवस ताप काढलेला नाही, एक रात्र जागवलेली नाही. ते कोणाच्या जिवावर?

तुम्ही मोठ्या आहात म्हणून जास्त लिहीत नाही. आईंना नमस्कार.

आपली
भावजय


दि. ३० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या भावजयीचं पत्र तुला मिळालं असेल. मी ते वाचलेलं नाही, पण तिने पाकिटावर तिकीट ज्या जोरात चिकटवलं त्यावरून मजकूर समजला.

पुढची हकिकत तिने कळवली नसणार, म्हणून मी कळवतो. पत्र टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी, मला न सांगता, ती पोराला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. तुझे चारही फोटो तिच्या पर्समध्ये होते. डॉक्टरीणबाईंनी साहेबाची खालची पापणी ओढून बघितली, त्याचा तळहात स्वतःच्या तळहाताशेजारी धरला, फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि हे कोणी काढून दिले म्हणून विचारलं. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ निघालं. निदान अकरा तरी हवं. अंगातलं लोह जवळजवळ संपलेलं आहे.

त्यांनी सांगितलं ते असं. पूर्ण दिवसांचं बाळ आईच्या पोटातून येताना साधारण सहा महिने पुरेल एवढं लोह बरोबर आणतं. आईच्या दुधात लोह थोडंच असतं. जे असतं ते अंगी चांगलं लागतं, पण सहा महिन्यांनंतर तेवढ्यावर भागत नाही, वरचं खाणं लागतंच. आणि पोर जितक्या झपाट्याने वाढतं तितकं बरोबर आणलेलं लोह लवकर संपतं. म्हणजे ज्या वजनाच्या भरवशावर ती निर्धास्त होती, त्या वजनापायीच लोह आणखी लवकर संपलं. हे सगळं तिने मला घरी येऊन मोजक्या शब्दांत सांगितलं आणि तराजू पुसायला घेतला. ती बोलते तेव्हा मी ऐकून घेतो, ती बोलत नाही तेव्हा मला घाम फुटतो.

लोहाचे थेंब दिले आहेत. साहेब ते घेतो आणि नेम धरून माझ्या शर्टावर थुंकतो. तीन शर्टांवर तपकिरी डाग पडलेत, वर्गातल्या पोरांनी त्यांवर पैजा लावल्यात. पण खरा घोटाळा निराळाच झाला. थेंब वाया जातात म्हणून तिने स्वतःसाठी लोहाच्या गोळ्या आणल्या आणि गुपचूप दुप्पट घ्यायला लागली. तिच्यातून दुधात, दुधातून पोरात, असा सरळ रस्ता तिने मनाशी आखला होता. मला कळलं तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आईने कितीही लोह खाल्लं तरी दुधातलं लोह वाढत नाही. थेंब पोराच्याच तोंडात गेले पाहिजेत. दूध मात्र मुळीच तोडायचं नाही.

मी हे सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि रडली. म्हणाली, माझ्याकडे आहे ते त्याला पुरत नाही आणि त्याला हवं ते माझ्यातून जात नाही, मग मी कशाला आहे? ताई, याचं उत्तर तुला सुचलं तर तिला लिही. ती उत्तर देणार नाही, तरी लिही.

खडू आता कपाटात कुलपात आहेत. आईला यातलं किती सांगायचं ते तू ठरव. तिच्या पत्राचा मार खाल्लास तरी माया कमी करू नकोस.

तुझा
धाकटा


दि. ५ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीबाईंस,
अ. उ. आ.

बंधुराजांनी सगळं कळवलं. त्याच्यावर डोळे वटारू नकोस, तो लहानपणापासूनच चुगलखोर आहे आणि प्रत्येक चुगली भल्यासाठीच केली असं म्हणतो. या खेपेला ते खरं आहे.

तू कशाला आहेस म्हणे? खात्यात बारा वर्षं काढलेल्या बाईने असं विचारावं? दार लावून बसलेल्या दुकानदाराला तू तीन तीन दिवस खेटे घालून नोटीस बजावतेस, तशीच ती औषधाची नोटीस साहेबावर बजाव. जिभेवर थेंब टाकलेस तर तो थुंकणारच. गालाच्या आतल्या बाजूला, थोडे थोडे सोड. तुझ्या नवऱ्याला मी एरंडेल असंच पाजायची, आणि तो तर चावायचासुद्धा. दूध तोडू नको असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते काही तुझं मन राखायला नाही. तुझं दूध चांगलंच आहे, त्याला फक्त जोडीला माणसं हवीत.

आता माझं. मागच्या पत्रात मी तुला पुरतं खरं लिहिलं नाही. तुझ्या तक्रारीनंतरच माझं पारड्याकडे लक्ष गेलं असं तुला वाटलं असेल, आणि मी वाटू दिलं. पंधरा वर्षं या मशीनवर बसणाऱ्या बाईला पांढऱ्याचं गुलाबी झालेलं दिसत नाही होय? सहाव्या महिन्यात शंका आली होती. सातव्यात खात्री झाली होती. लिहायला कागदही घेतला होता.

मग विचार केला, आईने वरचं खाणं सुचवलं तेव्हा तू किती दुखावलीस ते मला माहीत आहे. मी लिहिलं तर म्हणशील, आली नणंद नाक खुपसायला. सगळ्या जगातल्या नणंदा नाक खुपसतात, मला तेवढी चांगली नणंद व्हायचं होतं. आणि आईने फिका फोटो पाहिला असता तर ती तुझ्या मागे लागली असती. म्हणून रंग वाढवत गेले. मी तुला सांभाळून घेते आहे असं मला वाटत होतं, आणि पांघरूण घालत होते पोराच्या आजारावर. शेवटच्या फोटोला चार घरं वाढवावी लागली, तरी वाढवलीच. तू पारड्यावरून भांडली नसतीस तर नवव्या महिन्यालाही वाढवली असती. तुझं दूध कुठे चुकलेलं नाही, वहिनीबाई. चुकलं ते माझं, मला दिसत होतं तरी मी बोलले नाही. रागवायचं असेल तर यावर रागाव, मी मुकाट्याने ऐकून घेईन.

आईला खरे फोटो दाखवले. म्हातारीला रंगवलेलं पोर दाखवून फसवलंस म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तूही बोलत नाहीस. सध्या माझ्याशी फक्त मशीन बोलतं, तेही कागद अडकला की. लोभ मागायचं तोंड उरलेलं नाही, तरी मागते.

तुझी
नणंद


दि. २२ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला साडेसहा आठवडे उत्तर नाही म्हणजे मी रागावले होते, हे तुम्ही ओळखलंच असेल. तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. पहिल्यात तुम्हाला बोल लावले होते, दुसऱ्यात स्वतःला, तिसऱ्यात तुमच्या बंधुराजांना, कारण ते तेवढ्यात समोरून गेले.

परवा साहेबांचं रक्त पुन्हा तपासलं. दहा पूर्णांक नऊ. थेंब आणखी काही महिने चालू ठेवायचे आहेत, पण डॉक्टरीणबाई हसल्या, आणि त्या सहजी हसत नाहीत. गालाच्या आत थेंब सोडायची तुमची युक्ती लागू पडली. फक्त आता चावणारा पुढच्या पिढीतला आहे.

साहेबांचं साहेबपण मात्र गेलं. रांगतो, आणि सरळ रेषेत रांगतो, म्हणून बापाला फार अभिमान. खालच्या फळीवरच्या वह्या ओढून काढतो, हातातलं काही काढून घेतलं तर असा गळा काढतो की शेजारीण काय झालं ते बघायला येते. तिला मी पोर किरकिरं म्हणून हसत होते, आता ती माझ्याकडे बघून हसते. आठ महिने मी सगळ्यांना सांगत होते की माझं पोर किती शहाणं आहे, कसलाच त्रास नाही. शहाणा कसला, ताई, त्याच्या अंगात रडायचंसुद्धा त्राण नव्हतं. हे वाक्य लिहायला मला एवढे दिवस लागले.

खायचं म्हणाल तर चमच्याशी त्याचं वैर कायम आहे. काय काय करून बघितलं. शेवटी एक दिवस वैतागून अंड्याचा बलक बोटावर घेतला आणि त्याच्या तोंडाला लावला, तर त्याने बोट धरून ठेवलं, सोडेचना. तेव्हापासून घोटलेली डाळ, पालेभाजी, मऊ शिजवलेलं मांस, सगळं माझ्या बोटावरून जातं. बापाचं बोट चालत नाही, चमचा चालत नाही. वरून माझं दूधही पितो. रजा वाढवली होती, ती या सोमवारी संपली. आता दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी धावत घरी येते, त्याच्या तोंडात बोट घालते, आणि दोन दातांच्या खुणा घेऊन दुकानदारांचे काटे तपासायला जाते. मी कशाला आहे ते मला समजलं आहे.

आईंना गाडीत घालून घेऊन या. चढायला-उतरायला तुमचे बंधुराज आहेत, त्यांना एवढं तरी सरळ जमेल. आईंनी वरच्या खाण्याचं सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही, हे मला त्यांना तोंडाने सांगायचं आहे.

आता तुमच्यावरच्या रागाचं. तुम्ही गप्प बसलात म्हणून मी चिडले, ते खरं. पण तुम्हाला गप्प बसवलं होतं ते माझ्या तोऱ्याने, हेही खरं. मी काटा तपासायला गेले की दुकानदार चिडतो, तावातावाने बोलतो, कधी चहा विचारतो तोही रागाने. म्हणून मी काटा तपासायचा सोडला तर मला नोकरीवर कोण ठेवील? तसंच तुमचं. मला झोंबेल असं काही दिसलं तर त्याच दिवशी लिहा. मी चिडेन. चार ओळींचं कडू पत्र पाठवीन, मग महिना-दीड महिना पाठवणारच नाही. तुम्ही लिहीत राहा. २० जानेवारीला मी तुम्हाला जे लिहिलं ते लिहून पाकीट पेटीत टाकलं, घरी आले आणि साहेबाची पापणी ओढून बघितली. ताई, मला उत्तर द्यायला वेळ लागतो, पण ऐकते मी तुमचं त्याच दिवशी.

लोभ मागू नका, तो तुमचाच आहे. बोलणं तेवढं वाढवा.

तुमची
भावजय